आत्याच्या रेषेतली फट

माझी आत्या कार्टूनच्या स्टुडिओत चित्रं काढायची. खालून दिवा लावलेलं काचेचं टेबल, त्यावर कागदावर कागद. हत्तीनं सोंड उचलायची म्हटली की खालपासून वरपर्यंतची मधली सगळी चित्रं तिच्या वाट्याला. त्या स्टुडिओची एक खोड होती: रेष कधी पुरती मिटू द्यायची नाही. कोपराशी, मानेशी, टाचेशी जराशी फट ठेवायची. "हलत्या जिवाला श्वास घ्यायला जागा नको?" आत्या म्हणायची. बाबा तिला चिडवत, "तुझ्या रेषेसारखंच तुझं तोंडही मिटत नाही."

दुकानाच्या काचेआड टीव्ही चालू असला, की आवाज ऐकू येत नसतानाही नुसत्या रेषेवरून ओळखून आम्ही भावंडं रस्त्यापलीकडून ओरडायचो, "आत्याचा हत्ती!" ती लाजून भराभर पुढे चालू लागायची. पण घरी पोचेपर्यंत स्वारी भलतीच खुशीत असायची.

मग रंगवायचं काम कॉम्प्युटरवर गेलं. आत्याच्या हत्तीत करडा रंग सोडला, तो मानेजवळच्या फटीतून बाहेर सांडला आणि अख्खं आभाळ करडं झालं. खोलीभर हशा पिकला. आत्याही हसली. नवे साहेब मात्र नरमाईनं म्हणाले, "ताई, आता रेषा बंद करा. सगळीकडे तसंच करतात." त्यांचं चूक नव्हतं, याचाच मला जास्त राग येतो.

"करते की, त्यात काय!" आत्या म्हणाली. पण हात ऐकेना. सवयीनं फट राहायची, मग परत जाऊन ती बुजवायची. हळूहळू हात वठणीवर आला. पुढे तिच्या चित्रांवर आणखी कोण कोण हात फिरवी, तिला कळतही नसे. सगळ्याच स्टुडिओंची माणसं आणि प्राणी एका साच्यातून काढल्यासारखे दिसू लागले.

निवृत्तीआधीचा तिचा शेवटचा सिनेमा बघायला सगळं घर गेलं. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. ससा पळाला, मुलगी झाडावर चढली, हत्तीसुद्धा येऊन गेला. सगळं सुबक, गुळगुळीत. ओरडावं असं काही सापडेना. मला रडूच यायला लागलं. शेवटी तिच्या कानाशी लागून विचारलं, "आत्या, यातलं तुझं कुठलं गं?"

तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. फक्त माझा हात घट्ट धरला.

"मघापासून तेच शोधतेय," ती म्हणाली. "तुला दिसलं तर मलाही सांग."