पाहुण्यांचा पत्ता

आमच्या मानोरा गावात त्या सकाळी पोहे भिजलेले, माझी मोठी बहीण सुमनअक्का साडी नेसून तयार... आणि तिला बघायला कारंज्याहून येणाऱ्या पाहुण्यांचा पत्ताच नाही! अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा होता. मी नागपूरला इंजिनिअरिंगला, सुटीत घरी आलेलो.

त्या वर्षी सरांनी पास्कल नावाची नवी कम्प्युटरभाषा शिकवायला घेतली होती. व्हेरिएबल म्हणजे सामानाची खोली, पॉइंटर म्हणजे त्या खोलीचा नुसता पत्ता. आतलं सामान बदललं तरी पत्त्याला खबर नसते, हा धोका... म्हणून भाषेनं नियम घातला, की धान्याच्या खोलीचा पत्ता घेऊन कपड्यांच्या खोलीत शिरायचं नाही. मला वाटलं, झालं, आता कसली भीती?

तर बशा कमी पडतील म्हणून त्या मागून आणायला आईनं मला आमच्या जुन्या घरी पिटाळलं. ते भाड्याचं घर आम्ही नुकतंच सोडलं होतं, तिथं आता एक गुरुजी राहत. जाऊन बघतो तर बैठकीत पाहुणे पोहे खात बसलेले, आणि गुरुजींची मुलगी पुष्पा समोर मान खाली घालून!

"कोन्या गावचे पाव्हने?" मी विचारलं. "कारंज्याचे."

अरे देवा... हे तर आमचेच! इंझोरीच्या मामानं त्यांना आमचा जुना पत्ता दिला होता. गुरुजीही पोरीसाठी स्थळ शोधत होते, त्यांना वाटलं कुणी मध्यस्थानं पाठवलं. मामानं सांगितलेलं... मुलगी उंच, सावळी, मॅट्रिक. पुष्पाही उंच, सावळी, मॅट्रिक! पाहुण्यांनी मुलीचं नाव विचारलं होतं म्हणे, पण उत्तरात कोणतं नाव यायला हवं तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणजे सरांचा नियम तंतोतंत पाळला गेला, मुलीच्या पत्त्यावर तशीच मुलगी निघाली, आणि तरीही घोटाळा झालाच की.

मग सगळी मंडळी आमच्याकडे आली. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्यांदा पोहे खाल्ले आणि हसत म्हणाले, "दोनी पोरी चांगल्या हायेत जी. इचार करून कळवतो."

बाबा मान डोलावणार, तेवढ्यात अक्का आतून बाहेर आली. "कळवू नका. तुमाले कोनतीबी मॅट्रिक पोरगी चालते. मले तसं नाही चालत."

बाबांनी अबोला धरला. मामा म्हणाला, "आता हिले कोन करते!" आणि खरंच, वर्षभर दारात स्थळ आलं नाही. अक्काचं जेवण तुटलं होतं.

मग वाशिमहून एक जण अक्काला बघायला आला. त्यानं चपलासुद्धा काढल्या नाहीत, आधी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "सुमनबाई इथंच राह्यतात ना?"

पुढं नोकरीत जन्मभर प्रोग्रॅम लिहिले. नुसता पत्ता आणि सामानाचा प्रकार न बघता, आत तेच आहे का हेही तपासणाऱ्या भाषा हळूहळू आल्या... छान वाटलं. पण मला आठवतो तो भाऊजींचा प्रश्न, आणि आतून आलेला अक्काचा आवाज, "हो जी, मीच."