सोलापूर ते सोलापूर, विमानाने

नागनाथ सरवदे यांनी जन्मभर एसटी चालवली आणि रिटायर झाल्या झाल्या एसटीलाच शिव्या घालायला सुरुवात केली. नातेपुत्याच्या चौकात चहा फुरकत ते सांगायचे, "वळणं, खड्डे, म्हशी! रस्ता म्हंजी येळेचा नुसता नास. जायचं तर कावळ्यावानी, सरळ."

त्यांची लेक बुद्धप्रिया गोव्यात म्हापशाला नर्स. तिनं नवं घर घेतलं, घरभरणीची बुद्धवंदना ठेवली आणि आईबापासाठी सोलापूर-गोवा विमानाची तिकिटं काढते म्हणाली. तासाभराचा प्रवास! नागनाथरावांनी ही बातमी चौकात दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा पेपरवाला नव्हता.

त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी मात्र साफ नकार दिला. "मधीच बंद पडलं तर धक्का कोन मारनार?"

"मग जा लाल डब्यातनं. तू पोचस्तवर माझी दुपारची झोप झालेली असंल."

पारूबाई आदल्या संध्याकाळी निमूट एसटीत बसल्या. नागनाथराव दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. गोवा राहिला दक्षिणेला आणि गडी चालला पूर्वेला! माळशिरस, पंढरपूर, मोहोळ करत होटगी रोडच्या विमानतळावर पोचेपर्यंत कंबरेचा भुगा झाला. तिथं तपासणीत सुपारीचा अडकित्ता गेला. तरी विमान उडालं तेव्हा ते शेजारच्या तरुणीला म्हणाले, "डायवर बरा हाय."

थोड्या वेळानं विमान ढगात शिरलं आणि घिरट्या घालू लागलं. मग इंग्रजीत काहीतरी घोषणा झाली.

"काय म्हनला?"

"काका, गोव्यात फार पाऊस आहे, उतरता येत नाहीये. परत चाललोय."

"परत कुटं?"

"सोलापूरला."

नागनाथराव पट्टा सोडून उभेच राहिले. "आवो, जरा बाजूला घ्या की! मी हितंच उतरतो!" हवाईसुंदरीनं त्यांना खांदा धरून खाली बसवलं. सोलापुरात उतरल्यावर दारातल्या माणसानं रीतीप्रमाणं विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"झालाच न्हाय की!"

इतक्यात पारूबाईंचा फोन आला. "पोचलात व्हय?"

"व्हय."

"कुटं?"

"सोलापूरला."

पलीकडं पारूबाई इतक्या हसल्या, की शेवटी बुद्धप्रियाला फोन घ्यावा लागला. दुसरं विमान कधी, ते कुणी सांगेना. वंदना दुसऱ्या दिवशी सकाळीच होती. लेकीचं पहिलं घर, आणि बाप होटगी रोडवर! मग नागनाथराव तडक स्टँडवर गेले आणि पणजीच्या गाडीत शेवटच्या बाकावर बसले. घाटात प्रत्येक वळणाला त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. तिथं ब्रेक नव्हता. पुढच्या प्रवाशाची पिशवी होती.

सकाळी लोक वंदनेला बसत होते, तेवढ्यात चुरगळलेला सदरा घालून बाप दारात उभा. बुद्धप्रियानं धावत येऊन मिठी मारली. पारूबाईंनी फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला.

परतीला लेकीनं दोघांनाही विमानातच बसवलं. एसटीनं पारूबाईंचे पाय सुजले होते, म्हणून त्या तयार झाल्या. खिडकी अर्थातच त्यांनी घेतली. चाकं जमिनीला टेकली, तशा त्या कुजबुजल्या, "अवो, इचारून घ्या. सोलापूरच हाय न्हवं?"

आयुष्यात कधी कुणाला रस्ता न विचारलेल्या नागनाथरावांनी वळून मागच्या प्रवाशाला विचारलं.