सतरा नंबरच्या घराची नोंद

पाणीपुरवठा खात्यात तिला सगळे मीटरताई म्हणत. बावीस वर्षं तिनं एकच काम केलं होतं. खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च, वही आणि एक लोखंडी आकडी. आकडीनं मीटरवरचं झाकण उचलायचं, आतली कोळिष्टकं फुंकर मारून उडवायची, आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा आणि पुढचं दार गाठायचं. शहराच्या जुन्या भागातली साडेतीन हजार घरं तिला तोंडपाठ होती. डोळे बांधून सोडलं असतं तरी कुठल्या जिन्याची कितवी पायरी हलते, ते तिनं सांगितलं असतं. कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं गुपचूप येऊन पोटरी धरतं, हेही.

मग नवे मीटर आले. ते आपले आकडे आपणच ऑफिसला कळवू लागले. मीटरताईला कुणी काढून टाकलं नाही. साहेबांनी उलट हसून सांगितलं, "सुटलात. आता पायपीट संपली." तिला दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची आणि एक कॉम्प्युटर मिळाला. पडद्यावर तीच घरं होती, पण नुसत्या नंबरांच्या रांगा. पहिल्या महिन्यात तिचे पाय सुजले, आणि तेही न चालून.

घरी आई होती तोवर संध्याकाळी दोन शब्द व्हायचे. निदान "आज उशीर झाला गं" एवढं तरी. आई गेल्यावर दोन खोल्यांत रविवार असा पसरायचा की आवरता आवरायचा नाही. मग ती वाचनालयात जाऊन बसू लागली. वाचायचं थोडं निमित्तच. चार माणसं खोकतायत, खुर्च्या सरकवतायत, एवढं ऐकायला मिळालं तरी तिला बरं वाटायचं.

तिथल्या फळ्यावर एक दिवस कागद लागला: 'आपल्या शहरावर एक खेळ रचतोय. गल्लीबोळ ठाऊक असणाऱ्यांनी रविवारी चार वाजता मागच्या खोलीत यावं.' मीटरताईनं तो दोनदा वाचला. गल्लीबोळ तर तिच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

मागच्या खोलीत तीन माणसं होती. एक पस्तिशीची दातांची डॉक्टर, एक शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर आणि एक दाढीवाला, जो एरवी खोक्यांवरची चित्रं काढायचा आणि इथं टेबलभर नकाशा अंथरून बसला होता. नकाशाच्या कोपऱ्यात वीस बाजूंचे फासे पडले होते. आपण चुकीच्या खोलीत आलो, असं वाटून ती मागे वळलीच होती, पण डॉक्टरनं खुर्ची ओढून दिली.

"शहर हेच," डॉक्टर सांगू लागली. "रस्ते हेच, पूल हाच, बाजार हाच. फक्त त्याच्या आड दुसरं एक शहर आहे असं धरायचं. दिव्याच्या खांबांशी बोलणारी माणसं, जमिनीखालच्या गटारांवर राज्य करणारी एक म्हातारी, असं सगळं. खेळायला चारपाच जण बसतात. प्रत्येकजण एक पात्र होतो. एकजण गोष्ट पुढे नेतो आणि अडलं की फासे टाकायचे. आम्ही त्याचं पुस्तक करतोय. ते उघडलं की कुणालाही हे शहर घेऊन खेळता यावं."

"पण मग सगळं मनानंच रचा की. खरं शहर कशाला हवं?"

"किल्ल्यात भूत आहे म्हटलं तर कुणाला काय त्याचं? आपण रोज जातो त्या गल्लीत काहीतरी आहे म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी तिथून जाताना पाऊल अडखळतं."

हे मीटरताईला पटलं. ती जरा वेळ नकाशाकडे बघत राहिली, मग बोट ठेवून म्हणाली, "इथं, दगडी शाळेच्या मागं, नऊ नंबरची दोन घरं आहेत. समोरासमोर. पोस्टमन वैतागून एकदा इकडं टाकतो, एकदा तिकडं."

दाढीवाल्यानं पेन्सिल उचलली. डॉक्टर म्हणाली, "म्हणजे कुठल्याही दिवशी त्यातलं एकच घर खरं असतं. चुकीच्या घरात शिरलेला माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर येत नाही."

मास्तर हसले आणि मीटरताईही हसली. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना.

त्यानंतर तिचे रविवार भरले. नऊ वर्षं बंद असलेल्या सोड्याच्या कारखान्याचा मीटर कसा फिरतच राहिला, ते तिनं सांगितलं. खरं तर आतला एक नळ सडला होता, पण पुस्तकात तिथं रात्रंदिवस पाणी पिणारं काहीतरी राहायला आलं. बाजारामागच्या बोळातल्या एका जिन्याला वर दारच नाही, हे तिनं सांगितलं आणि त्या जिन्यानं कोण चढत असेल यावर दोन रविवार वाद झाला. ती गुरुवारपासूनच मनात जुळवायला लागायची, या खेपेला काय सांगायचं. इस्त्रीचे कपडे घालून जायची. ती बोलायला लागली की तिघं गप्प व्हायची. इतक्या वर्षांत तिला 'किती झालं रीडिंग?' याखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं.

सहा महिने गोष्टी पुरल्या, मग आटत चालल्या. एका रविवारी ती कुठल्याशा फाटकाचं सांगत असताना दाढीवाला खिशातून फोन काढून बघू लागला. मास्तरांनी जांभई दाबली. तिनं ते फाटक तिथंच सोडलं आणि म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय. सतरा नंबरचं."

सतरा नंबरमध्ये चष्मेवाले काका राहत. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं, ते म्हातारपणी त्यांनी बंद केलं. मीटरताई रीडिंगला गेली की ते फाटकाशी यायचे, तिचा चष्मा मागून घ्यायचे आणि खिशातल्या एवढ्याशा पेचकसानं त्याचा स्क्रू आवळून द्यायचे. काकू गेल्या आणि त्या घराचा मीटर जवळजवळ थांबला. अकरा-बारा युनिटांचं घर, ते एकावर आलं. मीटर बिघडला असेल म्हणून तिनं विचारलं, तेव्हा काकांनी फाटकाचा गज धरला.

"बिघडला नाही," ते म्हणाले होते. "मीच नळ सोडत नाही. सोडला की वाटतं, ती आत भांडी घासतेय. मग बंद करायला हात होत नाही. जेवण बाहेर करतो, आंघोळीला व्यायामशाळेत जातो. तुम्ही हे कुठं बोलू नका बाई. लोक वेडा म्हणतील."

"नाही बोलणार, काका," ती म्हणाली होती. आणि चार वर्षं खरंच बोलली नव्हती.

त्या रविवारी बोलली. खोलीत कुणी हललं नाही. डॉक्टरनं पेन खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "ताई, हे सगळ्यांत चांगलं आहे." घरी येताना मीटरताईला कुठंतरी टोचत होतं, पण त्या वाक्याची ऊब जास्त होती.

पुस्तक झालं. तीनशे प्रती छापल्या, एक इंटरनेटवरही ठेवली. आभाराच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत 'गल्ल्यांची माहिती: मीटरताई' असं होतं. तिनं ते पान कितीदा उघडलं याला गणती नाही. पुस्तक हातावेगळं झाल्यावर मात्र रविवारी मागच्या खोलीला कुलूप दिसू लागलं. डॉक्टर दवाखान्यात अडकली, मास्तर परीक्षांत. कुणी वाईट वागलं नव्हतं. काम संपलं होतं, इतकंच.

तीन महिन्यांनी ऑफिसात तिच्या पडद्यावर एक तक्रार आली. घर नंबर सतरा. 'अनोळखी तरुण मंडळी दारात येऊन नळ सोडून दाखवायला सांगतात. फोटो काढतात. ही माणसं आपल्या खात्याची आहेत काय, कृपया कळवावे.' खाली काकांची वळणदार सही.

तिनं घरी जाऊन पुस्तक काढलं आणि ती नोंद पहिल्यांदाच नीट वाचली. 'सतरा नंबर. इथे नळ सोडला की गेलेलं माणूस बोलू लागतं. मालक दार उघडेल. त्याला नळ सोडायला राजी करणं, हे खेळाडूंचं काम.' शेजारी दाढीवाल्यानं काढलेलं फाटक होतं, गजांसकट, हुबेहूब.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती सतरा नंबरला गेली. फाटकाला आता साखळी होती. काका बाहेर आले, वाळल्यासारखे दिसत होते. तिला बघून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला.

"बरं झालं आलात. तुमच्या ऑफिसात काही कळलं का? काल दोघं आली होती, चांगल्या घरची वाटत होती. म्हणाली, आजोबा, एकदाच सोडा ना, आम्हांला नुसतं ऐकायचंय." ते थांबले. "त्यांना हे ठाऊक कसं, तेच समजत नाही."

खोटं बोलायला तिला जागा होती. खात्यावर ढकलता आलं असतं. तिनं पिशवीतून पुस्तक काढून गजांमधून पुढे केलं, पान उघडून. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. मग परत वरपासून वाचलं.

"हे मी तुम्हांलाच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"दुसऱ्या कुणाला नाही. मुलीलासुद्धा नाही."

"चुकलं माझं, काका. तोंडातून निघून गेलं असं नाही म्हणत. मी ठरवून सांगितलं."

"का पण?"

मीटरताईनं खाली बघितलं. "तिथं माझं कुणीतरी ऐकत होतं."

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटा लांबवर वाजत राहिली. मग काका म्हणाले, "मीही तुम्हांला त्याचसाठी सांगितलं होतं." आणि पुस्तक परत गजांतून तिच्या हातात देऊन आत गेले. दार आपटलं नाही. नुसतं लागलं.

त्याच संध्याकाळी ती डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसली. शेवटचा पेशंट गेल्यावर डॉक्टरनं सगळं ऐकलं आणि तोंडावर हात धरला. "ताई, मला वाटलं, तुम्ही त्यात थोडा मीठमसाला घातला असणार. तो माणूस खरंच आहे?"

"आहे."

डॉक्टर सरळ मनाची होती. इंटरनेटवरच्या प्रतीतली नोंद तिनं तिथंच बसून काढून टाकली. छापलेल्या प्रतींचं काय करायचं हा प्रश्न होता. नोंदीवर कोरा कागद चिकटवला असता तर लोकांनी तो खरवडून खालचं आधी वाचलं असतं. तेवढ्याच मापाचं दुसरं काहीतरी लिहायला हवं होतं. "ते तुम्हीच लिहा," डॉक्टर म्हणाली.

मीटरताईनं आजवर मनानं एक ओळ रचली नव्हती. ती तीन संध्याकाळी कागद घेऊन बसली. शेवटी लिहिलं: 'सतरा नंबर. इथे जुन्या थकबाकीची नोटीस हातात घेऊन एक कारकून राहतो. दार वाजवणाऱ्या प्रत्येक पात्राकडून तो चार फॉर्म भरून घेतो. मिळत काहीच नाही. तीन डाव वाया जातात.'

डॉक्टर वाचून हसली आणि म्हणाली, "इथं आता कुणी चुकूनही फिरकणार नाही."

कागदाच्या पट्ट्या छापून आल्या. पुस्तकं कुणाकुणाकडे गेली याची यादी डॉक्टरकडे होती. दर शनिवार-रविवारी मीटरताई पिशवीत पट्ट्या आणि गोंदाची बाटली घालून निघू लागली. पुन्हा तेच, दार वाजवायचं, आपण कोण ते सांगायचं, दोन मिनिटांत काम उरकायचं. लोक पुस्तक आणून द्यायचे. कुणी विचारायचं, छपाईची चूक होती का. ती म्हणायची, "हो, माझी." एका घरी सहाजण टेबलाभोवती खेळायला बसले होते, आणि तिच्याच जिन्यावरून, ज्याला वर दार नाही त्याच्यावरून, दोघांची जुंपली होती. ती उभ्या उभ्या पट्टी चिकटवत ते ऐकत होती. "बसा ना थोडा वेळ," एकजण म्हणाली. "अजून चार घरं आहेत," म्हणून ती निघाली. चार घरं नव्हती, दोनच होती.

दोनशे एकेचाळीस प्रती झाल्या. उरलेल्या परगावी गेल्या होत्या, त्यांना डॉक्टरनं पट्ट्या पोस्टानं पाठवल्या. कुणी चिकटवल्या, कुणी नाही, देव जाणे.

काकांना तिनं पत्र टाकलं, सगळं केलेलं कळवलं. उत्तर आलं नाही, आणि तिनंही पुन्हा टाकलं नाही. त्या गल्लीतून जाणं तिनं सोडलं. बाजारात जायला दहा मिनिटं जास्त लागू लागली.

वर्षभरानं डॉक्टरनं दुसरं पुस्तक काढायचं ठरवलं आणि मागच्या खोलीचं कुलूप निघालं. मीटरताईला आग्रहाचं बोलावणं आलं. ती गेली, पण आता ती खऱ्या माणसांचं काही सांगेना. काहीतरी रचून सांगायची: एक पूल होता, त्यावर एक म्हातारा बसायचा, असं. तिघं मान डोलवायची. त्या गोष्टींत जीव नव्हता, आणि हे चौघांनाही कळत होतं. डॉक्टर तिला सांभाळून घ्यायची. "छान आहे, ताई, ठेवू बाजूला," म्हणायची. बाजूला ठेवलेलं पुढं कुठं दिसायचं नाही. तरी ती जायची. चहा करून द्यायची, नकाशाचे कोपरे धरून बसायची, फासे हरवले की टेबलाखाली वाकून शोधायची.

त्या हिवाळ्यात एका सकाळी ऑफिसला जाताना बसस्टॉपवर चष्मेवाले काका उभे होते. मधे एक बाई मुलाला घेऊन उभी होती, ती दुसऱ्या एका बसनं गेली आणि दोघंच उरले. निघून जाणं बरं दिसलं नसतं.

"बरे आहात?" तिनं विचारलं.

"आहे." ते रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आता येत नाही कुणी."

"बरं झालं."

"हं," काका म्हणाले. त्या हुंकाराचा अर्थ तिला लागला नाही. बरं झालं असंही त्यात असेल, नसेलही.

बस आली. काकांनी दांडा धरला, एक पायरी चढले, मागे वळून बघितलं. ती याच बसनं जायची, पण तिनं मान हलवली, माझी नाही अशी. बस गेली. मीटरताई पुढची बस येईपर्यंत तिथं उभी राहिली, आणि त्या दिवशी ऑफिसला पंचवीस मिनिटं उशिरा पोचली. बावीस वर्षांत आणि त्यानंतरही तिला कधी उशीर झाला नव्हता. कुणी का म्हणून विचारलं नाही.