खुर्च्या गोल मांडल्या तेव्हा

कॉलेजचं पहिलं वर्ष मी कुणाच्या ना कुणाच्या पाठीकडे बघत काढलं. गावातून फाट्यापर्यंत दादाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या, मागं चालायचं. सेनगावहून येणारी एसटी हिंगोलीला पोचली की पुन्हा त्याच्याच मागं कॉलेजपर्यंत. तिथं आम्ही मोजक्या मुली एका खोलीत दाराआड बसून राहायचो. तासाला सर निघाले की त्यांच्या मागं ओळीनं वर्गात शिरायचं, भिंतीकडच्या बाकावर बसायचं, आणि तास संपला की त्यांच्याच मागं बाहेर. वर्गातल्या मुलांचे चेहरे विचाराल तर मला आठवत नाहीत. पाहिलेच नव्हते तर आठवतील कुठून?

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या गावातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलं ते एका बोलीवर: दादा पुढं, मी मागं, आणि वर्गात तोंड बंद. दादा माझ्याच वर्गात होता आणि रोज घरी आबांना खबर द्यायचा. काही वेडंवाकडं कानावर आलं असतं तर माझं कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं. हे मला कुणी बजावून सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

दुसऱ्या वर्षी इतिहासाचे सर अमेरिकेत काही महिने शिकून परत आले, आणि आमची शांतता संपली. सरांच्या तोंडात सारखं ‘तिकडं’. तिकडं विद्यार्थी प्राध्यापकांशी वाद घालतात, तिकडं घोकंपट्टी चालत नाही, तिकडं वर्षाच्या शेवटी एकाच पेपरावर माणसाचं नशीब ठरत नाही. एक दिवस त्यांनी शिपायाला सांगून बाक व्हरांड्यात काढले आणि खुर्च्या गोल मांडल्या. इथं आता पुढचा बाक नाही आणि मागचाही नाही, म्हणाले. बोलण्याला गुण ठेवले, ते त्यांच्याच हातात. गप्प बसेल तो नापास. आणि नियम असा, की आधी समोरच्याचं म्हणणं त्याला ‘बरोबर’ म्हणावं लागेल इतकं नीट मांडायचं, मग खोडून काढायचं.

माणूस भला होता हो. पण आमच्या पाचावर धारण बसली. नेहमी मागच्या बाकावर बसणारा बौद्ध वस्तीतला एक मुलगा पुटपुटला की आपला परीक्षेचा नंबरच बरा होता. त्याचं खरं होतं. पेपर लांब कुठंतरी जायचा, त्यावर नुसता आकडा असायचा. तपासणाऱ्याला ना जात दिसायची ना गाव. आता सगळं समोर. सरांनी तिकडची पद्धत आणली, पण तिकडं कुणाच्या घरी दादा खबर देत नसावा.

मी पहिले काही तास मान खाली घालून काढले. समोर मुलांचे पाय दिसायचे, चपला दिसायच्या. शेवटी सरांनी सांगितलं की माझ्या नावापुढं अजून एकही गुण नाही. म्हणजे बोलले तर घरचे कॉलेज बंद करणार, नाही बोलले तर कॉलेज नापास करणार. मग मी दादाशीच सौदा केला. त्यालाही काही बोलता येत नव्हतं. त्याचे मुद्दे मी तयार करून द्यायचे, आणि त्यानं घरी माझ्या बोलण्याबद्दल ब्र काढायचा नाही. तो लगेच कबूल झाला. त्याचंही धाबं दणाणलेलंच होतं.

अशी मी बोलायला लागले. निजामाच्या काळातल्या उर्दू शाळांवर चर्चा होती. त्या शाळा मोडल्या ते उत्तमच झालं, असं एक मुलगा तावातावानं म्हणाला. त्याचं म्हणणं मी आधी मांडलं, त्यानं मान डोलावली, मग मी म्हणाले की माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. सगळं शिक्षण उर्दूत केलं, वर्गात पहिला यायचा. राज्य बदललं आणि त्याचं शिकलेलं कुणी विचारीना. पद्धत बदलणाऱ्यांनी त्याला विचारलं होतं का? सर इतके खूश झाले की खुर्चीतून उठलेच. तो माणूस म्हणजे आबा, हे मी काही बोलले नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ओसरीवर कापसाचा ढीग पडला होता, आबा बाजेवर बसले होते, आणि दारात सर उभे. एसटीनं आले होते. गुरुजी घरी आले म्हणून आबा गडबडीनं उठले, मायला चहा टाकायला सांगितलं. दादा चुलत्याच्या घरातून डोकावला आणि तसाच मागं सरला. मी आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होते. सर म्हणाले, तुमच्या मुलीनं सगळ्या मुलांना निरुत्तर केलं, हिला पुढं औरंगाबादला पाठवा. वर्गातला बोलण्याचा नियम आणि उर्दूत शिकलेल्या माणसाची गोष्टही त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मी मनात म्हणत होते, अहो, मी तुमचं काय घोडं मारलं होतं? आबा ‘जी, जी’ करत राहिले. मग सरांना फाट्यापर्यंत पोचवून परत आले.

“इकडं ये,” म्हणाले. “बस.”

त्यांच्यासमोर मी जन्मात बसले नव्हते. मायनं पाट सरकवला तशी बसले.

“पोरांसमोर बसून बोलून राहिलीस?”

“व्हय.”

“माहं बी सांगितलंस?”

मी होय म्हणून मान हलवली. ते बाजेवर पुढं सरकले. आता मारतील असं वाटलं. त्यांनी आजवर कधी हात उगारला नव्हता, तरी वाटलं.

“मग मलाबी खोडून दाखव. मी म्हणतो, उद्यापासून तू कॉलेजात जायचं न्हाई.”

आधी त्यांचंच म्हणणं मांडायचं, नियमच तसा होता. मी म्हणाले, आबा, तुमी म्हणता गावात नाव जाईल. भावकी पारावर बोलंल. धाकटीला स्थळं येणार न्हाईत. मला बी कोणी करून घेणार न्हाई. आन् उद्या काही वंगाळ झालं, तर पाठवली काहून म्हणून समदे तुमालाच विचारतील.

बोलता बोलता मी वर पाहिलं. आबांचा चेहरा उतरला होता. ह्या माणसाला मी भीत आले होते, आणि तो स्वतःच इतका भ्यालेला होता. हे मी त्याच्याच तोंडावर बोलून दाखवलं, याची मला आणखी धडकी भरली.

“बराबर,” ते हळूच म्हणाले. “आता खोड.”

“ह्यातलं एकबी खोटं न्हाई, आबा. पण ह्यात मी केलंय असं काहीच न्हाई. समदं लोकं काय करतील तेच हाय.”

“लोकं करतेत पण.”

“करतेत,” मी म्हणाले.

आबा उठून गोठ्याकडं गेले. सकाळी मी तयार व्हावं की नाही तेही कळेना. सवयीनं वेणी घातली आणि दाराशी थांबले. दादा आला, तर आबांनी त्याला पुढच्या गाडीनं ये म्हणून परत पाठवलं.

मग त्यांनी पायात वहाणा घातल्या, माझी पुस्तकं स्वतःच्या हातात घेतली, आणि मी त्यांच्या मागं जायला वळले, तर ते जागचे हललेच नाहीत.

“पुढं हो,” म्हणाले.

पारावर माणसं बसली होती. गावातून फाट्यापर्यंतची ती वाट मी रोज चालले होते, पण माझ्यापुढं तेव्हा कुणाचीच पाठ नव्हती. मागून आबांच्या वहाणा वाजत होत्या, आणि आयुष्यात मला इतकी भीती पुन्हा कधी वाटली नाही.