श्री नावाची फाइल

"हिनंच हात लावला असणार," साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले. केबिनमध्ये कस्टमरचे दोघं ऑडिटला येऊन बसलेले. स्क्रीनवर आमची मापांची फाइल. उघडेना. क्लिक केलं की कॉम्प्युटर उलट विचारायचा, कशात उघडू?

चाकणच्या त्या कंपनीत मी ठेकेदाराकडून लागलेली. तयार पार्टची मापं घ्यायची, फाइलीत भरायची. दीड वर्षं ती फाइल मीच भरत होते. पहिल्या दिवशी साहेबांनी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग गावात घर कुठल्या बाजूला. त्यांना कळायचं ते कळलं.

खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली. माझ्या कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, झेंडूचा हार. मी हार उचलायला गेले.

"तू राहू दे. बाहेर थांब."

वर्षभर त्याच कीबोर्डवर माझी बोटं चालतात, ते चालतं. पूजेपुरता विटाळ! मी दारात उभी राहिले. लाज वाटली, आणि लाज वाटली याचाच संताप आला. दारातून दिसलं, साहेबांनी माझ्या फाइलीचं अख्खं नाव पुसलं आणि हौसेनं टाइप केलं, श्री. नव्या मालाचा शुभारंभ म्हणे. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं. साहेबांनी न वाचताच हो केलं. टाळ्या झाल्या. पेढे वाटले.

आणि आता दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर हे. नाव पुसताना शेवटचं टिंब आणि त्यापुढची चार अक्षरंही गेली होती. फाइल कशात उघडायची ते कॉम्प्युटरला त्यांवरूनच कळतं. काळेवाडीच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी म्हणाले, सर, मी बघते. लांब हो, म्हणाले.

एचआरच्या मॅडमनी मला बाहेर नेलं. गोड बोलल्या. लिहून दे, माझ्या हातून चुकून फाइल खराब झाली. साहेबांचा मान राहील, तुझं काम राहील. माझ्यासोबत डबा खाणाऱ्या दोघी तिथंच होत्या. पूजेला दोघींनी सगळं पाहिलेलं. मी त्यांच्याकडं बघितलं. एक मोबाइल बघायला लागली, दुसरी जमिनीकडं. इतकं एकटं मला गाव सोडतानाही वाटलं नव्हतं.

पेन घेतला. खोटं कशाला सांगू, वाटलं, टाकावं लिहून, एक ओळ तर आहे. मग आई आठवली. न केलेल्या चुकांवर तिनं किती अंगठे दिले असतील. मला तर लिहिता येतं.

मी लिहिलं, "फाइलचं नाव साहेबांनी पूजेच्या दिवशी बदललं. तेव्हा शेवटची चार अक्षरं टिंबासकट पुसली गेली. ती परत लिहिली की फाइल उघडेल." खाली पूर्ण नाव, आडनावासकट. आणि कागद सरळ ऑडिटवाल्यांसमोर नेऊन ठेवला. त्यांच्यातल्या एकानं टिंब देऊन चार अक्षरं टाइप केली. फाइल उघडली. साहेब एसी वाढवायला सांगत होते.

आठवड्यात माझी बदली पॅकिंगला झाली. त्या दोघी आता पलीकडच्या टेबलावर बसतात. मी एकटी जेवते. वाईट वाटतं, रोज वाटतं. उद्या इथूनही काढतील. काढू देत. दुसऱ्याच्या चुकीखाली माझी सही मिळणार नाही.