भावकीची वहिनी

बापाचा धंदा भाड्यानं खुर्च्या देण्याचा. त्यामुळे माणूस यायच्या आधी तो बसणार कुठं हे बघायचं, ही खोड वहिनींच्या अंगात लहानपणीच मुरली. लग्न करून त्या शेजारच्या देशात गेल्या. नवरा लवकर गेला. सासरचं म्हणावं असं मागं राहिलं ते धाकटा दीर आणि जाऊ, एवढंच. वहिनी परत माहेरच्या मुलखात आल्या आणि चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्यांमध्ये नोकरीला लागल्या.

ती नोकरी म्हणजे नेमकं काय, हे त्या असं सांगत : "इंटरनेटच्या पत्त्याला शेवटी दोन अक्षरांचं शेपूट असतं ना, ज्या त्या देशाचं? त्या शेपटाखालची सगळी नावं सांभाळणारं एकेक घर असतं. त्या घरांनी मिळून संघटना काढलीय. म्हणजे भावकीच म्हणा. तिचं ऑफिस मी बघते."

भावकी म्हटल्यावर पुढचं कुणाला समजावून सांगावं लागत नसे.

दीर त्यातल्याच एका घराचा मालक. मालक कसला, राखणदार. कॉलेजात शिकवता शिकवता त्यानं देशाची यादी सांभाळायला घेतली. नावं बोटावर मोजण्याइतकी होती तेव्हापासून. कॉलेजानं खोली काढून घेतली तसं मशीन घरी आणून स्वयंपाकघराशेजारी ठेवलं. भर सभेत तो यांना "वहिनी" म्हणून हाक मारायचा, म्हणून पुढं सगळ्या देशांच्या त्या वहिनीच झाल्या. अध्यक्षसुद्धा वहिनीच म्हणत, आणि अध्यक्ष त्यांच्या बापाच्या वयाचे होते.

भावकीचा कायदा साधा होता. एक देश, एक खुर्ची, एक मत. एकाच देशाचे दोघं हक्क सांगत आले तर खुर्ची भिंतीला लावायची. भांडण घरी मिटवा, मग या. दुसऱ्याच्या चुलीत फुंकर घालायला गेलं की राख आपल्याच डोळ्यांत जाते, हे सगळ्यांनी एकदा भोगलेलं होतं.

त्या वर्षी वरच्या मोठ्या खोलीत भरलेल्या सभेला एकाच देशाचे दोघं आले. दीर, म्हणजे वहिनींचे भाऊजी, आणि कंपनीची बाई. सरकारनं नवी कंपनी काढली होती, यादी तिच्या ताब्यात द्या म्हणून फर्मान होतं, आणि भाऊजींनी ते धुडकावलं होतं.

"वहिनी, माझी खुर्ची दिसत नाही."

"भिंतीला लावलीय, भाऊजी. दोघं आलात तुम्ही."

"ही कालची आलेली आणि मी, सारखेच?"

बाई फाईल छातीशी धरून मागं उभी होती. तिनं मान खाली घातली.

भाऊजी टेबलावर वाकले. आवाज खाली आला. "ऐका. मशीनवरून यादी पाठवणं मी बंद केलंय. चार घरांकडे प्रती आहेत, त्यांच्यावर देश चाललाय. ताजी यादी गेली नाही की प्रती नासतात, दुधासारख्या. आज संध्याकाळी नासतील. मग आमच्याकडे ना दवाखान्याचा पत्ता लागेल, ना बँकेचा. खुर्ची मांडा, लगेच पाठवतो."

वहिनींनी बाईकडे पाहिलं. "तुमच्याकडे यादी नाही का?"

"आहे. पण जुनी." बाई पुटपुटली. "ती लावली तर अलीकडं ज्यांनी नावं घेतली ते सगळे पुसले जातील."

अध्यक्षांनी वहिनींना जिन्यापाशी ओढून नेलं. "अहो, मांडा ना एक खुर्ची! दीर तुमचा. कोण विचारतंय?"

"दीर माझा आहे म्हणूनच सगळे विचारतील. आणि आज गळा धरून खुर्ची मिळाली, तर उद्या येणारा प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा गळा धरूनच येईल."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!"

"दांडा मी नाही," वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीकडे न बघता टेबलांवर देशांच्या पाट्या लावायला गेल्या.

दुपारचं जेवण तसंच झाकलेलं राहिलं. चारांपैकी एक प्रत अंदाजाआधीच नासली. मागोमाग दुसरी. त्या देशातून फोन यायला लागले. काही पत्ते लागत होते, काही नाही, आणि कुठला का लागत नाही ते कुणालाच सांगता येत नव्हतं. सभागृहात कुजबुज वाढली. भाऊजी बाहेरच्या बोळकांडीत बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. वहिनी पुढं जाऊन बघतात तर चेहरा पांढराफटक.

"काय झालं?"

"आत शिरता येत नाही."

"कशात?"

"माझ्याच मशीनमध्ये. मी घाबरलो, वहिनी. म्हटलं खुर्ची गेली खड्ड्यात, चालू करून टाकू. पण बाहेरून आत जायचं तर एक आकडा लागतो, तो माझ्या मेलवर येतो. आणि मेलचा पत्ता..." ते थांबले.

"आपल्याच शेपटाचा. तोही आता लागत नाही," मागून बाई म्हणाली. कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं खरं.

"मशीनसमोर बसून करता येईल?" वहिनींनी विचारलं.

"येईल. पण घरी ती एकटी आहे. ती त्या खोलीत झाडूसुद्धा मारत नाही, मीच मारू दिला नाही कधी."

बाईनं घसा साफ केला. "आमची माणसं तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आहेत."

"पाळतीवर?" भाऊजींनी विचारलं.

"हो."

"आत घेतलं तर चालू करून देतील. आणि उद्या?"

"उद्या मशीन उचलून नेतील. खोटं कशाला बोलू?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार. खुर्ची माझ्या हातात होती, तिचं मी केलं. दार तुमचं आहे." त्यांनी जावेचा नंबर लावला आणि फोन भाऊजींपुढं धरला. घंटी वाजत राहिली. भाऊजींनी हात पुढं केला, मागं घेतला. पलीकडून "हॅलो, हॅलो" सुरू झालं तेव्हा कुठं घेतला.

"दार उघड. माणसं येतायत."

जावेचा आवाज एवढा खणखणीत की तिघांनाही ऐकू आला. "तुम्हीच म्हणालात ना, देव आला तरी उघडू नकोस म्हणून?"

"देव नाही. कंपनीची माणसं आहेत."

"मग तर मुळीच नको!"

"उघड गं."

पलीकडं पावलं वाजली. मग कडी. मग पुरुषांचे आवाज, चपला, कुणीतरी "वायर बघून" म्हणालं. भाऊजींनी पासवर्ड सांगायला सुरुवात केली. एकेक अक्षर, मोठ्यानं, बोळकांडीत, कंपनीच्या बाईदेखत. अंगावरचं एकेक कापड उतरवून द्यावं तसं.

थोड्या वेळानं सभागृहातून कुणीतरी ओरडलं, "आली! ताजी आली!" एकापाठोपाठ चारही घरांनी हात वर केले. अध्यक्ष घाम पुसत बाहेर आले. "सुटलो! वहिनी, आता बाईंची खुर्ची मांडा."

"यांनी अजून हक्क सोडला म्हटलेलं नाही."

अध्यक्षांनी भाऊजींकडं बघितलं. भाऊजींनी लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरून गेले. हो नाही, नाही नाही. वहिनी कठड्यापर्यंत गेल्या. खाली चष्म्याच्या दुकानासमोर ते क्षणभर थांबले, मग वळणावर दिसेनासे झाले. वर मतदान सुरू होत होतं, वहिनींना परत फिरावं लागलं. कंपनीची बाई मतदान संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली. बसा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

संध्याकाळी जावेचा फोन आला. "कंपनीवाले उद्यापर्यंत थांबतो म्हणाले होते, आजच नेलं मशीन. अहो, हे तिकडंच आहेत का?"

"दुपारीच निघाले."

"जाताना काही बोलले?"

"एक शब्द नाही."

"शिव्या? रडणं?"

"काही नाही."

"मग ठीक आहेत," जाऊ म्हणाली. "बोलले असते तर मला काळजी."