आत्मारामची दहा मतं

कुणीच निवडून आणायचं ठरवलेलं नसताना निवडून आलेला माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. त्याच्याकडून हरलोय.

हॅनोव्हर, १९६२. वसतिगृहात आम्ही अकरा मराठी. कुणी विद्यार्थी, कुणी माझ्यासारखे कारखान्यात काम शिकायला आलेले. फोडणीचा वास जिन्यात पसरतो म्हणून व्यवस्थापक हेर, म्हणजे श्रीयुत, क्रूझ यांनी नोटीस लावली: पहिल्या तारखेपासून स्वयंपाकघर बंद. मी भांडायला गेलो. म्हणाले, प्रतिनिधी निवडा, वसतिगृहाच्या समितीत तोच बोलेल. असं पद तोवर नव्हतंच, आमच्यासाठी नवं काढलं. अट एकच: उमेदवार दोन हवेत, मतदान गुप्त.

मी तर ठरलेलाच. सातवी पास, पण सभा गाजवणारा. जर्मन शिकलो तेसुद्धा फोरमनशी भांडून. दुसरा कोण?

"आत्मारामला करा उभा," श्रीरंग म्हणाला. "नावापुरता."

आत्माराम सांगलीचा, पत्र्याचं काम करणारा. जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, एवढंच बोलायचा. ताटातली शेवटची पोळी त्याने कधी उचलली नाही.

"मी कशाला? मला बोलता कुठं येतंय?"

"अरे, पडायलाच तर उभं राहायचंय," मी म्हणालो. "पडायला जर्मन लागत नाही!"

सगळे हसले. तोही हसला.

बुटांच्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. दिनकरने मोजल्या, पुन्हा मोजल्या. आत्माराम दहा, मी एक.

मी खुर्ची लाथाडली. "गद्दारांनो!"

"तसं नाही रे," दिनकर चाचरला. "बिचाऱ्याला शून्य नको, म्हणून मी आपलं एक..."

बाकीच्यांच्याही माना खाली. प्रत्येकाने दयेचं तेवढं एकच मत टाकलं होतं.

"आणि ह्याला पडलेलं एक कुणाचं, ते सांगायला नको!" श्रीरंगने डोळा मारला. खोली हसून कोसळली.

आत्माराम काही बोलणार होता. मी डोळे वटारले, तो गप्प झाला. कारण मीसुद्धा चिठ्ठीवर त्याचंच नाव लिहिलं होतं. मला पडलेलं ते एक मत आत्मारामने टाकलेलं. आपण आपल्याच दयेने पडलो, हे कबूल करण्यापेक्षा मतलबी म्हणवून घेतलेलं मला परवडलं.

समितीत त्याने भाषण केलं नाही. खिशातून टेप काढून चूल मोजली, बोटांनी सांगितलं: आठ दिवस. शनिवारी पत्र्याचं धुराडं घडवून खिडकीबाहेर काढलं. आम्ही मिरच्यांची खमंग फोडणी दिली. हेर क्रूझ तिन्ही मजले हुंगत फिरले, "गेनाऊ!", अगदी बरोबर, म्हणाले आणि नोटीस स्वतःच्या हातांनी फाडली. मी गेलो असतो तर भाषण झकास झालं असतं आणि चूल गेली असती.

त्या धुराड्याखाली तीन वर्षं अकरा जण एका पातेल्यातलं पिठलं जेवलो. आज माझ्या खोलीत स्वतःची शेगडी आहे. एकट्यापुरतं पिठलं काही केल्या जमत नाही.

पासष्टमध्ये आत्माराम लुडविग्सहाफेनला गेला, पुढे संपर्क तुटला. तिकडे कुणाला भेटला, तर एवढं करा. त्याला सांगा, मला पडलेलं ते एक मत कुणाचं होतं, हे मी छापून टाकलंय.